खंडेनवमीची साफसफाई

आमच्या शाळेला शिपाई नव्हता. घंटा वाजवायची, माठ भरायचे, फाटक उघडायचं, मधल्या सुट्टीत भिंतीवर चढलेल्या पोरांना खाली उतरवायचं, ही सगळी कामं पालक पाळीपाळीनं करत. फाटकाच्या आत खिळ्याला सुतळीनं बांधलेली एक वही टांगलेली असे आणि कोणाची पाळी कधी ते तिच्यात लिहिलेलं असे. शाळेचं कागदावरचं नाव इतकं लांब होतं की ते गुणपत्रिकेवर दोन ओळी खायचं, म्हणून सगळे तिला नुसतं ‘मंडळाची शाळा’ म्हणत. अकोला, अमरावती, यवतमाळ या भागातून खडकीच्या दारूगोळा कारखान्यात नोकरीला आलेल्या माणसांचं ते मंडळ. खोल्यांवरचे पत्रे, दारं, खिडक्या, बाकं, सगळं त्यांनी सुट्टीच्या दिवसांत स्वतःच्या हातानं ठोकलेलं होतं. गावातल्या कुठल्याही शाळेत बाक डुगडुगतं. आमचं एकही डुगडुगत नसे. ज्यांची नोकरीच केसाएवढी चूक पकडायची, त्यांनी केलेल्या बाकाची काय बिशाद आहे डुगडुगायची!

माझे बाबा त्या कारखान्यात फिटर होते. पहिल्या पाळीचे असले की पहाटे भोंगा व्हायच्या आधी त्यांची सायकल क्वार्टरच्या पायऱ्यांवरून खाली उतरल्याचा तीनदा ठक्‌ आवाज यायचा, आणि मग आई स्टोव्हला पंप मारायची. आमच्या घराचं घड्याळ म्हणजे आवाजच होते. पहाटे छावणीतला बिगुल, मग भोंगा, मग पुण्याहून सुटलेली लोकल खडकी स्टेशनात शिरताना करायची ती लांबलचक शिट्टी. दुपारी कुठूनतरी लांबून चाचणीचे दबके धमाके यायचे आणि मांडणीवरची ताटं किणकिणायची. नवे पाहुणे दचकायचे. आई त्यांना भाकरी वाढता वाढता म्हणायची, “काई नाई जी, ते आपलंच हाय.” घरात बोलणं वऱ्हाडी, जेवणही वऱ्हाडी. रविवारी गोळाभात, वर कडकडीत तेलाची फोडणी. थंडीत कोथिंबिरीच्या पुडाच्या वड्या. आणि बारा महिने असा ठेचा की शेजारच्या साताऱ्याच्या काकूंनी एकदा चाखला आणि नंतर वाटी दुरूनच परत केली. शाळेत मात्र आम्ही पुस्तकातलं मराठी बोलायचो. उंबरठा ओलांडला की ‘मले’चं ‘मला’ आपोआप व्हायचं, चपला घालण्याइतक्या सवयीनं.

मी नववीत गेले त्या वर्षी शाळेत कॉम्प्युटर आला. तेव्हा पुण्यात पेठोपेठी कॉम्प्युटर क्लासच्या पाट्या लागत होत्या. चौकाचौकात पिवळे फोनबूथ उभे राहत होते, गच्च्यांवर केबलच्या वायरी लोंबत होत्या, आणि ज्या घरात काल टीव्ही नव्हता त्या घरातला मुलगा आज इंग्रजीत बातम्या ऐकल्याचं सांगत होता. मंडळाचे अध्यक्ष राऊतकाका म्हणायचे, “जमाना बदलून रायला, आपण काय पायत बसाचं काय?” त्यांच्या ओळखीतल्या कुठल्याशा ऑफिसात नवी मशीनं आली आणि तिथलं एक जुनं त्यांनी शाळेसाठी मिळवलं. ते टेम्पोतून आलं तेव्हा आम्ही सगळी मुलं रांगेत उभी होतो. काळा पडदा, त्यावर हिरवी अक्षरं, पंख्याची घरघर. चित्र नाही, रंग नाही, माऊस तर नाहीच. तरी त्याच्यासाठी ग्रंथालयाची खोली रिकामी केली, खिडकीला पडदा शिवला, बाहेर चपला काढायचा नियम झाला. पुस्तकं वऱ्हांड्यात आली. पुस्तकांना धूळ चालते आणि मशीनला चालत नाही, असं सगळ्यांचं एकमत होतं.

आमच्या मुख्याध्यापिका इंगळेबाई. बुटक्या, कडक, पदर खोचून स्वतः फळा पुसणाऱ्या. त्यांनी एका सुट्टीत कुठेतरी जाऊन आठ दिवसांचं प्रशिक्षण घेतलं आणि आल्यावर वर्गात विचारलं, “याची किल्ली कोण सांभाळेल? रोज सकाळी उघडायचं, झाकण काढायचं, पुसायचं, चालू करायचं, संध्याकाळी बंद करायचं. वर्षभर. आजारी पडायचं नाही.” माझा हात सगळ्यांच्या आधी वर गेला. किल्ली मिळाली. त्या किल्लीला मी लाल लोकर बांधली आणि ती गळ्यात घालून झोपायचे, हे आईशिवाय कोणाला माहीत नव्हतं. आता लिहून टाकलं म्हणजे सगळ्यांना झालं.

त्या वर्षी शाळेला यश असं भरभरून मिळालं. खो-खोत आमच्या मुली छावणीतल्या मोठ्या शाळेला हरवून आल्या, दोन मुलं शिष्यवृत्तीत आली, आमचं लेझीमपथक पंधरा ऑगस्टला मैदानात पहिल्या रांगेत होतं. पण ज्याच्यासाठी ते वर्ष मला आठवतं ती आमची रक्तगटाची यादी. तिचं निमित्त असं झालं, की आमच्या कॉलनीतल्या एका कामगाराला अपघात झाला, रक्त हवं होतं, आणि माणसं सायकली घेऊन पुणंभर फिरली. शेवटी कळलं की त्याच गटाचा माणूस त्याच्या भिंतीला भिंत लागून राहत होता आणि सबंध दुपार घोरत पडला होता. इंगळेबाईंनी ठरवलं, की कॉलनीतल्या प्रत्येक माणसाचा रक्तगट मुलांनी गोळा करायचा आणि कॉम्प्युटरमध्ये घालायचा. गट विचारला की मशीननं नावं आणि पत्ते सांगायचे. दिवाळीनंतर सदाशिव पेठेतल्या एका शाळेत आंतरशालेय प्रदर्शन होतं, तिथे हे मांडायचं.

मी आणि माझी मैत्रीण शैला, आम्ही दोघी जोडीनं फिरलो. पुरुषांचं सोपं होतं, त्यांच्या कारखान्याच्या ओळखपत्रावर गट छापलेला असायचा. तरी एका काकांनी गट विचारल्यावर “ग्रेड टू, लवकरच वन होणार” असं सांगितलं आणि शैलानं ते तसंच लिहून घेतलं. बायकांचा गट मात्र एकाही घरात कोणाला माहीत नव्हता. कोणी कधी विचारलाच नव्हता. मग मंडळानं शाळेत एक डॉक्टर बोलावून तपासणी ठेवली आणि एका रविवारी साड्यांची रांग फाटकाबाहेर गेली. माझ्या आईचा गट ओ निगेटिव्ह निघाला. डॉक्टर म्हणाले, हा फार कमी लोकांत असतो. आई घरी आली आणि बाबांना म्हणाली, “निगेटिव्ह काहून? म्या काय वाईट केलं कोणाचं?” बाबांनी समजावल्यावर तिचा चेहरा असा फुलला की पुढचे चार दिवस भाजीवाल्यालाही आपला गट सांगत होती.

वह्या भरत गेल्या आणि आम्ही त्या रोज थोड्या थोड्या मशीनमध्ये उतरवत गेलो. इंगळेबाईंच्या ओळखीतल्या एका कॉलेजच्या मुलानं यादीचा प्रोग्राम लिहून दिला होता. अक्षरं इंग्रजी, नावं आपली. ‘ज्ञानेश्वर’ कसं लिहायचं यावर एक अख्खा तास भांडण झालं. दसऱ्याच्या आठवड्यात शेवटचं नाव पडलं. मी गट घातला, बटण दाबलं आणि पडद्यावर आईचं नाव आलं. मला वाटलं, बस्स, आता याच्यापुढे काय मिळवायचं राहिलं!

आता खंडेनवमीचं सांगायला हवं. कारखान्यात काम करणाऱ्या घरांत दिवाळीपेक्षा खंडेनवमी मोठी. त्या दिवशी खात्याखात्यात यंत्रांची पूजा होते, झेंडूच्या माळा लागतात, नारळ फुटतात, यंत्र त्या दिवशी चालवायचं नसतं. पण त्याच्या आदल्या दिवशीचं काम खरं. यंत्र आतूनबाहेरून स्वच्छ करायचं. लेथची झाकणं उघडून, कोपऱ्यात साचलेला कीस, वंगणाचं किटण, वर्षभराची घाण काढून त्याला नव्यासारखं करायचं आणि मगच हळदकुंकू लावायचं. घाणेरड्या यंत्राला फूल वाहणारा माणूस बाबांच्या मते अर्धवट. त्या वर्षी मंडळानं ठरवलं की शाळेच्या मशीनचीही पूजा करायची, आणि पूजा बाबांनी सांगायची, कारण त्यांच्या खात्यात तेच करत. बाबांचा तेव्हा मंडळात मान होता. शाळेच्या मागे पत्र्याची एक शेड घालून मुलांसाठी छोटं वर्कशॉप करायचं घाटत होतं, एक टेबल, लोखंड पकडून धरायचे दोन व्हाइस, कानशी, आणि दर रविवारी मुलांना शिकवायचं काम बाबांना द्यायचं जवळजवळ ठरलं होतं. बाबा त्याबद्दल बोलायचे नाहीत, पण जुन्या वहीत शेडचे नकाशे काढत बसायचे.

आदल्या संध्याकाळी त्यांनी मला सांगितलं, “म्या बाहेरून पुसून ठेवतो. तुह्याकडं किल्ली हाय, तू आतूनबी साफ करजो.” त्यांना काय म्हणायचं होतं देव जाणे. बहुधा डब्याचं झाकण काढून धूळ झटक, एवढंच. पण मला आत म्हणजे कुठे ते चांगलं माहीत होतं. मी मशीन चालू केलं आणि आतल्या फायलींची यादी पडद्यावर आणली. बापरे! किती ती नावं! आम्ही घातलेली चारदोन, बाकी सगळी कोणाची कोण जाणे. वाचताही न येणारी इंग्रजी अक्षरं, काहींचं टिंबापुढचं शेपूट एक, काहींचं दुसरं. जुन्या ऑफिसातून आलेलं मशीन, तिथला कचरा राहिला असणार. मी एकेक पुसत सुटले. आमच्या यादीच्या नावाच्या तर तीन फायली निघाल्या. आई दसऱ्याच्या आवराआवरीत एकच वस्तू तीन डब्यांत सापडली की दोन डबे रिकामे करते, तसं मी एक ठेवली आणि दोन काढल्या. मशीन प्रत्येक वेळी प्रामाणिकपणे वाट बघत होतं, मी प्रत्येक वेळी बटण दाबत होते. अर्ध्या तासात यादी इतकी छोटी आणि सुटसुटीत झाली की माझं मलाच कौतुक वाटलं. मशीन बंद केलं, झाकण घातलं, किल्ली गळ्यात.

खराडीतल्या ज्या काचेच्या इमारतीत मी गेली कित्येक वर्षं नोकरी करते, तिथे नव्या मुलांना पहिल्या दिवशी मी ही गोष्ट सांगते. ती पोटभर हसतात. त्यांना वाटतं मी रंगवून सांगते आहे.

दुसऱ्या दिवशी पूजा थाटात झाली. बाबा कडक इस्त्रीच्या शर्टात. त्यांनी पडद्यावर आणि खालच्या डब्यावर ओल्या बोटानं हळदकुंकू लावलं, झेंडूची माळ घातली, नारळ फोडला आणि फुलानं नारळाचं पाणी सगळीकडे शिंपडलं, कारखान्यात शिंपडतात तसंच, हात न आखडता. पेढे वाटले. दसरा गेला, शाळा भरली, मी सकाळी झाकण काढून बटण दाबलं. काळ्या पडद्यावर एक इंग्रजी ओळ आली आणि मशीन तिथेच थांबलं. पुन्हा बंद, पुन्हा चालू. तीच ओळ.

दुपारपर्यंत सगळ्या कॉलनीला कळलं होतं आणि संध्याकाळपर्यंत कारणही सापडलं होतं. पाणी. नारळाचं पाणी आत गेलं. सगळ्यांनी डोळ्यांनी बघितलं होतं. राऊतकाका आमच्या घरी आले, चहा घेतला आणि हळू आवाजात म्हणाले, “गावंडेभाऊ, तुम्ही तं मशीनवाले माणूस. इजेच्या यंत्रावर पाणी शिपडाचं असते काय?” बाबा म्हणाले, “चुकलं जी माह्यं.” एवढंच. राऊतकाका उठताना म्हणाले, की शेडचं आता जरा थांबू, लोक बोलून रायले. बाबांनी मान हलवली. मी दाराआड उभी होते. मला तेव्हा खात्री नव्हती, असं मी पुढे बरीच वर्षं स्वतःला सांगत आले. खोटं आहे ते. इंग्रजी ओळ वाचली त्याच क्षणी मला कळलं होतं, कारण त्या ओळीतलं एक नाव मी पुसलेल्या नावांपैकी होतं. पण पाण्याचं कारण इतकं आयतं मिळालं होतं, आणि ते सगळ्यांना इतकं पटलं होतं, की मी गप्प बसले. कारखान्यात बाबांना ‘नारळवाले’ म्हणू लागले. ते घरी येऊन जेवायचे, पेपर वाचायचे, नकाशांची वही काढायचे नाहीत. मी समोर बसून भाकरी खायची. मी भित्री होते, दुसरा शब्द नाही.

चार दिवसांनी बाबा म्हणाले, चल, दाखवून आणू. सदाशिव पेठेत एका इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर आपटे सरांचा क्लास होता, ते मशीन दुरुस्तही करत. राऊतकाकांकडून मागून आणलेल्या स्कूटरवर बाबा पुढे, मशीनचा डबा चादरीत गुंडाळून माझ्या मांडीवर, असे आम्ही गेलो. जिन्यात पाटी होती, ‘चौकशीसाठी वेळ दुपारी चार ते साडेचार. बाकी वेळी क्लास चालू असतो, चौकशी नव्हे.’ आम्ही साडेचारला पाच मिनिटं असताना पोचलो. सरांनी घड्याळाकडे बघितलं, मग आमच्याकडे, मग डब्यावरच्या हळदीच्या डागाकडे.

“पूजा केलीत वाटतं.”

“हो,” बाबा म्हणाले. बाहेर ते जपून, पुस्तकी बोलायचे. “खंडेनवमीची. पाणी गेलंय आत.”

“अस्सं. आणि आरती?”

बाबा ओशाळले. सरांनी डबा उघडला, आत टॉर्च मारला, बोट फिरवून बघितलं, एक फ्लॉपी घालून मशीन चालू केलं आणि बराच वेळ टकटक करत राहिले. मग चष्मा कपाळावर सरकवला. “अहो, आत पाण्याचा थेंब नाही. तुमच्या देवाला बोल लावू नका. यातल्या फायली कुणीतरी पुसल्या आहेत. मशीन ज्याच्यावर सुरू होतं ती फाईल पुसली आहे. आणि ही रक्तगटांची यादी दिसते, तिचीही सूचनांची फाईल तेवढी ठेवली आहे, माहितीची गायब. म्हणजे भांडं ठेवलं आणि दूध मोरीत ओतलं. कोणी केला हा पराक्रम?”

खोलीत पंखा फिरत होता. मी बाबांकडे बघितलं नाही, पण ते माझ्याकडे बघताहेत हे मला कळलं. फार वेळ नाही बघितलं त्यांनी. “आतून साफ करायला मीच सांगितलं होतं,” ते म्हणाले.

“यंत्र आहे हो ते, पितळी घंगाळ नव्हे,” आपटे सर म्हणाले, आणि कामाला लागले. त्यांनी मशीन चालू करून दिलं. यादी मात्र गेली ती गेलीच. पुसलेलं परत मिळवायचे काही उपाय असतात हे मला फार पुढे कळलं. सरांना ते माहीत नसावेत, किंवा साडेचार वाजून गेल्यामुळे सांगायचे नसावेत.

येताना बाबांनी संगम पुलाच्या अलीकडे एका गुऱ्हाळाशी स्कूटर थांबवली. दोन ग्लास उसाचा रस मागवला. मला रडू फुटलं ते तिथे, घुंगरांच्या आवाजात, हातात ग्लास धरून. सगळं सांगितलं, ती इंग्रजी ओळ वाचल्यापासून. बाबांनी मला रडू दिलं. मग म्हणाले, “आमच्या खात्यात एक लाल ट्रे रायते. नग बिघडला का त्याच्यात टाकाचा, आपला नंबर टाकून. समद्यायले दिसते कोणाचा बिघडला ते. लाज वाटते, वाटू द्याची. बिघडते, हाताचं काम हाय. पण एखादा म्हणते, जाऊ दे, कोण पायते, आन चांगल्या नगात सारून देते. तो नग पुढं कोण्या पोराच्या हातात फुटते, पोरी. सीमेवर. त्याले मालूमबी नसते कोणाच्या हातचा होता.” त्यांनी रस संपवला. “म्या राऊतभाऊले सांगू शकतो. पण ते म्या सांगाचं नाई. शनिवारी मंडळाची बैठक हाय.”

शनिवारपर्यंतचे दोन दिवस कसे गेले ते मलाच माहीत. बैठक शाळेतच असायची, मोठी माणसं आमच्याच बाकांवर गुडघे दुमडून बसायची. विषय मशीनचा निघाला, कोणीतरी नारळाबद्दल काहीतरी बोललं आणि हशा झाला. बाबा शेवटच्या बाकावर, खाली बघत. मी उठले. काय बोलले ते नीट आठवत नाही, पण शेवटी मी म्हटलं, “पाण्यानं काही झालं नाही. मी पुसलं. मला कळलं होतं आणि मी गप्प बसले.” कोणी हसलं नाही. राऊतकाका उठून बाबांच्या बाकापाशी जाऊन उभे राहिले. इंगळेबाई माझ्यासमोर आल्या आणि त्यांनी हात पुढे केला. मला वाटलं शाबासकी. त्या म्हणाल्या, “किल्ली.”

मी ती गळ्यातून काढून दिली. लाल लोकरीसकट. बाईंनी ती तिथल्या तिथे शैलाला दिली, आणि मला म्हणाल्या, “उद्यापासून तू वह्या वाचून दाखवायच्या, ती टाइप करेल. प्रदर्शनात मशीनवर ती बसेल.” मला फार लागलं ते. पण आज विचार करते तेव्हा वाटतं, बाईंनी मला शिक्षाही केली आणि कामावरूनही काढलं नाही, हे किती मोजून मापून केलं होतं. आमच्या ऑफिसात असं काही घडलं की लांबलचक मीटिंग होते. कोणाची चूक ते आपल्याला शोधायचं नाही असं सुरुवातीला जाहीर होतं, आणि मग सगळे तेवढंच शोधतात.

दिवाळीची सुट्टी आम्ही त्या खोलीत काढली. मी वही धरून वाचायची, शैला दोन बोटांनी टाइप करायची. “गावंडे, कमलाबाई, क्वार्टर नंबर…” आई रोज डब्यातून काहीतरी पाठवायची, चकल्या, अनारसे, एकदा गरम गरम गोळाभात. शैला मशीनजवळ खायचं नाही म्हणून मला वऱ्हांड्यात हाकलायची, ‘बाई, नियम आहे’ असं माझ्याच आवाजात म्हणायची. पहिले दोन दिवस मी तिच्यावर धुमसत होते. तिसऱ्या दिवशी ग्रेड टू वाल्या काकांचं नाव आलं आणि आम्ही दोघी इतक्या हसलो की वही खाली पडली. त्यानंतर मजाच मजा होती. खरं सांगते, सबंध शाळेच्या वर्षांत मी इतकी सुखी कधी नव्हते. मागच्या बाजूला हातोडीचे आवाज येत होते. शेडचे खांब उभे राहत होते, बाबा आणि राऊतकाका वर चढून पत्रे बसवत होते आणि एकमेकांवर ओरडत होते. काम संपल्यावर शैलानं यादी तीन वेगवेगळ्या फ्लॉप्यांवर उतरवून तीन वेगवेगळ्या घरी ठेवली. तिला ते कोणी सांगितलं नव्हतं.

प्रदर्शन सदाशिव पेठेतल्या त्या शाळेच्या मोठ्या सभागृहात होतं. आजूबाजूला ज्वालामुखी फुटत होते, पवनचक्क्या फिरत होत्या, एका टेबलावर रेल्वेचे सिग्नल होते. आमच्या टेबलापुढे मात्र दिवसभर रांग होती, कारण शैला प्रत्येकाला त्याचा गट विचारायची आणि खडकीत त्याच्या रक्ताची किती माणसं आहेत ते सांगायची. पुण्याची माणसं, सहजासहजी तोंडून ‘वा’ न काढणारी, पण पडद्याकडे वाकून बघत होती. एक आजोबा म्हणाले, “उपयुक्त दिसतंय. आश्चर्य आहे.” मी मागे भिंतीशी वह्यांचा गठ्ठा घेऊन उभी होते. कोणी शंका काढली तर मूळ नोंद दाखवायची, हे माझं काम. दुपारी दुसऱ्या क्रमांकाचं पारितोषिक जाहीर झालं. प्रमाणपत्र शैलानं घेतलं, आणि टाळ्या वाजवताना माझे हात दुखले.

त्याच वेळी बाबा आले. अर्ध्या दिवसाची रजा टाकून, कारखान्याच्या खाकी कपड्यांतच, हाताला वंगणाचा वास. ते टेबलाच्या बाजूला उभे राहिले. शेजारी त्या शाळेच्या एक बाई होत्या, नऊवारी नेसलेल्या, मोठं कुंकू लावलेल्या, स्वागत समितीचा बिल्ला छातीवर. त्यांनी शैलाकडे बघितलं, बाबांकडे बघितलं आणि कौतुकानं विचारलं, “आपली कन्या का? छान बोलते हो. कॉम्प्युटर अगदी लीलया हाताळते.”

“नाई जी,” बाबा म्हणाले. त्यांनी बोट माझ्याकडे केलं आणि त्या भरल्या सभागृहात, आमच्या घरात बोलतात तसं, मोठ्यानं म्हणाले, “थे मांगं वह्या घेऊन उभी हाय नं, थे माही. मशीन तिनंच बिघडवली होती.”

त्या बाईंनी वळून माझ्याकडे बघितलं. बाबांनी एवढंच पुढे जोडलं, “सांगतलंबी तिनंच.”